काखेतलं पुस्तक : विश्वास आणि अभ्यास यांच्यामध्ये सापडलेल्या एका संशोधन प्रकल्पाचं प्रकरण

सोलापुरातल्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीच्या एम. ए. इतिहासाच्या संशोधन प्रकल्पाची ही हकीकत आहे. तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; माणसं, मंडळी (म्हणजे आमचं चर्च), महाविद्यालय, कुणाचंच नाव दिलेलं नाही. मी स्वतः दुसऱ्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि रविवारी उपासना झाल्यावर आमच्या मंडळीतल्या कॉलेजच्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग घेते. ही मुलगी त्या वर्गातली. त्यामुळे मी या प्रकरणात लांबून बघणारी नव्हते, आणि यातल्या दोन चुका सरळसरळ माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला गेले आणि १८६०च्या दशकात सोलापुरात आले. शाळा काढल्या, मुलींच्या शिक्षणाची सोय केली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान मुलांची बालवाडी चालवली. आमच्या मंडळीतली बहुतेक घरं त्या शाळांतून वर आली. गावकुसाबाहेर जन्मलेला माणूस मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाला, त्याची लेक नर्स झाली, नात बँकेत लागली, असं घराघरात सांगता येतं. मिशन हे आमचं माहेर. माहेरची उणीदुणी चारचौघांत काढायची नसतात, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

या मुलीचे पणजोबा 'मिशनमधले मास्तर' होते. घरात त्यांची एवढीच ओळख. समोरच्या खोलीत एक जुना फोटो आहे : मिशनच्या कामगारांचा, दोन ओळींत, मागच्या ओळीत डावीकडून तिसरे पणजोबा. कोट, धोतर, पागोटं आणि काखेत एक पुस्तक. ते बायबल आहे असं आजी सांगायची, आजीला तिच्या सासूनं सांगितलेलं.

प्रकल्पासाठी तिनं सुरुवातीला 'सोलापुरातील मिशनचे शैक्षणिक कार्य' असा विषय घेतला. मार्गदर्शक सर म्हणाले, फार पसरट आहे, एक जागा निवडा. तिनं सेटलमेंटमधली शाळा निवडली.

बाहेरच्या वाचकासाठी सेटलमेंटबद्दल थोडं सांगायला हवं. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानं काही जमातींतल्या माणसांवर जन्मापासूनच गुन्हेगाराचा शिक्का बसवला. नावं नोंदवायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवाना घ्यायचा. १९११च्या कायद्यानं हे सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागलं, १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र करून पक्का केला. अशा लोकांना एका जागी वसवण्यासाठी ज्या वसाहती केल्या त्या सेटलमेंट. सोलापुरातली सेटलमेंट मोठी होती. कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची कुटुंबं तिथं ठेवलेली, आणि त्यातली माणसं गावातल्या कापड गिरण्यांत कामाला जात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला देशभरातून गेला. शब्द मात्र पत्त्यात राहिला. आजही सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढं म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो.

या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. ही गोष्ट मला माहीत होती. तिला नव्हती. विषय ठरला तेव्हा मी तिला ती नीट सांगायला हवी होती. मला वाटलं, वाचेल तेव्हा कळेल.

अडचण

पहिला खर्डा नोव्हेंबरात तयार झाला. मुख्य प्रकरणाच्या माथ्यावर बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातल्या ६१व्या अध्यायाचं पहिलं वचन होतं, बंदिवानांना सुटका जाहीर करण्याचं. खाली शाळा, शिवणकाम, प्रार्थना, मिशनऱ्यांचा त्याग. ते वचन मीच सुचवलं होतं. 'विश्वास आणि अभ्यास जोडायचा' हे मी वर्गात नेहमी सांगत असे, आणि तेव्हा माझ्या मनात जोडणं म्हणजे साधारण हेच होतं : अभ्यास झाला की त्याला साजेसं वचन शोधायचं.

सरांनी खर्डा परत केला. समासात लाल शाईनं लिहिलं होतं, "वर सुटका आहे, खाली कुंपण आहे. कुंपण कुणाचं होतं ते शोधलंत का?"

ती रडली. मंडळीत ही गोष्ट पसरली तेव्हा 'सर ख्रिस्तविरोधी आहेत' अशी चर्चाही झाली. सर तसे नव्हते. त्यांचा प्रश्न इतिहासाच्या कुठल्याही जबाबदार शिक्षकानं विचारावा असाच होता, आणि तो आधी मी विचारायला हवा होता.

मग ती खरोखर कामाला लागली. मिशनचे जुने अहवाल आता बरेच ऑनलाइन मिळतात, ते तिनं वाचले. मुंबईला जाऊन पुराभिलेखागारात दोन दिवस बसली. फेब्रुवारीत दुसरा खर्डा आला. त्यात एकही वचन नव्हतं. मिशन म्हणजे सरकारचा हात, शाळा म्हणजे शिस्त लावायचं यंत्र, प्रार्थना म्हणजे हजेरीचं दुसरं रूप. प्रत्येक वाक्याला तळटीप. सर खूश झाले.

त्या रविवारी वर्ग संपल्यावर ती मागं थांबली. म्हणाली, "मॅडम, सरांना पहिला खर्डा खोटा वाटला. मला हा दुसरा खोटा वाटतोय. पण यातलं एकही वाक्य मी पुराव्याशिवाय लिहिलेलं नाही. मग खोटं काय आहे यात?"

मी तिला विचारलं, लिहिताना काय गाळलंस? ती बराच वेळ गप्प बसली. मग एक मुलाखत सांगितली. सेटलमेंटमधल्या एका आजींनी तिला सांगितलं होतं की त्यांची आई तिथल्या शाळेत वाचायला शिकली, आणि शिकवणाऱ्या बाईंचं नाव मरेपर्यंत मायेनं घ्यायची. तीच आई रात्रीच्या हजेरीची आठवण निघाली की उठून बाहेर जाऊन बसायची. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या. पहिल्या खर्ड्याच्या वेळी ही मुलाखत झालीच नव्हती. दुसऱ्यात हजेरी आली आणि बाई गळाली, कारण बाई युक्तिवादात बसत नव्हती.

त्यातच फोटोची गोष्ट घडली होती. नाताळच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरचं सगळं खाली उतरवलं. तिनं त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. पणजोबांच्या काखेतलं पुस्तक लांबट होतं, अरुंद, कापडी पुठ्ठ्याचं, वरून दोरी गुंडाळलेली. बायबल त्या आकाराचं नसतं. तेव्हापर्यंत तिनं जुन्या दप्तरातली हजेरीपुस्तकं पाहिली होती. तिला लगेच कळलं. तिनं दोन महिने कुणालाच सांगितलं नाही.

समोर असलेले पर्याय

वडिलांचं म्हणणं, विषय बदल. बालवाडीवर लिही, सोलापूरचा त्यात मान आहे आणि कुणाचं मन दुखत नाही. यात गैर काही नव्हतं. पण ज्या मुलीनं तो फोटो मोठा करून पाहिला होता तिला आता बालवाडीवर लिहिणं म्हणजे पळणं वाटत होतं.

दुसरा पर्याय म्हणजे दुसरा खर्डा आहे तसा देऊन टाकायचा आणि विश्वास रविवारसाठी ठेवायचा. खूप चांगली, विद्वान, देवभीरू माणसं अशीच जगतात, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. विद्यापीठ सगळ्यांचं असतं. तिथं एकाच्या श्रद्धेचा पुरावा दुसऱ्यावर लादता येत नाही. पण धर्माचं शिक्षण देणं वेगळं आणि धर्मानं घडलेल्या माणसानं प्रामाणिक संशोधन करणं वेगळं. या दोहोंत गल्लत झाली की विद्यार्थी घाबरून स्वतःचाच एक भाग घरी ठेवून वर्गात येतो. हिचं तसंच चाललं होतं.

आमच्या मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी तिसरी वाट सुचवली : चांगलं आणि वाईट दोन्ही सारखं लिही. ती म्हणाली, "शाळेचं एक पान आणि कुंपणाचं एक पान, असं वजन करून नाही ना चालणार, साहेब." पाळकसाहेबांना ते पटलं. त्यांनी वाद घातला नाही, हे मला इथं नोंदवावंसं वाटतं.

चौथा पर्याय आमच्या वर्गातून निघाला, आणि तो कुणा एकाला सुचला असं सांगता येणार नाही. त्या आठवड्यात आम्ही बायबलमधल्या दहा आज्ञा वाचत होतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा निघाली तेव्हा अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा सहज म्हणाला, "सेटलमेंट तर आपल्या चर्चचा शेजारीच आहे." मग बोलणं वाढत गेलं. साक्ष म्हणजे न्यायालयातली. जे पाहिलं तेवढंच सांगायचं, आपल्या माणसाला वाचवण्यासाठी गाळायचं नाही आणि समोरच्याला अडकवण्यासाठी जोडायचं नाही. पहिल्या खर्ड्यात सेटलमेंटमधल्या माणसांविरुद्ध खोटी साक्ष होती. दुसऱ्यात त्या शिकवणाऱ्या बाईंविरुद्ध होती. मेलेली माणसंसुद्धा शेजारी असतात, आणि त्यांना उलटून बोलता येत नाही.

मला हे मोलाचं वाटतं, कारण इथं विश्वासानं पुराव्याची जागा मागितली नाही. इतिहासात पुरावा इतिहासाच्याच रीतीनं तपासावा लागतो. आज्ञेनं फक्त ती रीत पाळणं सक्तीचं केलं. अगदी आपल्या पणजोबांच्या बाबतीतही.

त्या दिवशी मी त्यांना पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यांनी त्यांना ख्रिस्ताकडे आणलं त्याच लोकांशी रमाबाई पत्रांतून वर्षानुवर्षं भांडल्या. शिकवणीतलं जे पटत नव्हतं ते पटत नाही म्हणून सांगितलं, आणि तरी विश्वास सोडला नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं; ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून झालं. आपल्याकडे विश्वासू माणसानं प्रश्न विचारण्याची परंपरा आहे, ती परकी नाही, एवढंच मला मुलांना दाखवायचं होतं.

काय केलं

तिनं संशोधनाचा प्रश्नच बदलला. 'मिशननं सेटलमेंटसाठी काय केलं' याऐवजी 'सेटलमेंटच्या हजेरीत दोन्ही बाजूंना कोण उभं होतं' असा प्रश्न घेतला. त्यामुळे एक गोष्ट दिसू लागली जी आधीच्या दोन्ही खर्ड्यांत नव्हती. हजेरी घेणारे सगळे गोरे साहेब नव्हते. त्यात तिच्या पणजोबांसारखी माणसं होती, जी स्वतः एक पिढी आधी गावकुसाबाहेर होती, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. शिक्षणानं त्यांच्या हातात लेखणी आली, आणि त्या लेखणीनं त्यांना दुसऱ्या माणसांच्या नावापुढे खुणा करायच्या होत्या. हे लिहिताना तिनं कुठलाही निवाडा दिला नाही. मला वाटतं तेच त्या प्रकरणाचं बळ आहे.

पुढचा निर्णय सगळ्यांत अवघड होता. प्रस्तावनेत स्वतःची ओळख द्यायची की नाही? सर म्हणाले, 'संशोधकाची भूमिका' असा भाग आता मान्य आहे, पण तो एक-दोन पानांत आटपा, आत्मचरित्र नको. तिनं दीड पान लिहिलं : मी ख्रिस्ती आहे, माझे पणजोबा या यंत्रणेत नोकरीला होते असं मानायला जागा आहे, फोटोतल्या वस्तूचा आकार एवढाच त्याला आधार आहे, नोकरीची नोंद सापडलेली नाही. 'मानायला जागा आहे' या शब्दांवर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. तिला 'होते' लिहायचं होतं, जणू कबुली द्यायची घाई झाली होती. मी म्हटलं, पुराव्यापेक्षा जास्त कबूल करणं ही पण खोटी साक्षच आहे.

आता मुलाखती दिलेल्या माणसांचं काय? त्यांना तिनं 'कॉलेजची विद्यार्थिनी' एवढंच सांगितलेलं. ती पाचही जणांकडे परत गेली. त्या आजींनी तिला पाणी येणाऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं होतं; सोलापुरात तीन-चार दिवसांआड पाणी येतं आणि त्या दिवशी घरात कुणाला बोलायला वेळ नसतो. ती दुसऱ्या दिवशी गेली. दारात प्लास्टिकचे ड्रम ओळीनं भरून ठेवलेले, त्यांवर जुनी चादर टाकलेली. तिनं फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. आजींनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग खाली ठेवला.

"तुझा पणजा मारायचा का गं?"

"माहीत नाही, आजी."

"बरं. माहीत नाही म्हणलीस ते बरं केलंस." आणि थोड्या वेळानं, "कशाला हे सगळं लिहून घेऊलालीस? लिही. पण माझ्या आईचं नाव पूर्ण लिही. त्यांच्या वहीत अर्धंच होतं."

बाकीच्या चौघांपैकी तिघांनी हरकत घेतली नाही. एका गृहस्थांनी मुलाखत मागं घेतली. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले की हे आधी सांगायला हवं होतं. त्यांची मुलाखत सगळ्यांत तपशीलवार होती. ती काढल्यावर प्रकरणातली चार पानं गेली.

आजीला, म्हणजे तिच्या स्वतःच्या आजीला, प्रकल्प जमा करायच्या आठवडाभर आधी सांगितलं. "थांब, परीक्षा होऊ दे" असा सल्ला मी दिला होता. ही माझी दुसरी चूक.

निष्पत्ती

प्रकल्प मे महिन्यात जमा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी प्रस्तावनेतल्या दीड पानाबद्दल बरेच प्रश्न विचारले. तुमच्या धर्मामुळे निष्कर्ष बदलले का, असंही विचारलं. तिनं सांगितलं, निष्कर्ष बदलले नाहीत, पण दोनदा लिहिलेलं फाडायला लागलं. गुण चांगले मिळाले, पहिल्या क्रमांकाचे नाहीत. काढलेल्या चार पानांची उणीव परीक्षकांना जाणवली होती आणि ती त्यांनी बोलून दाखवली.

पाळकसाहेबांनी तिला संध्याकाळच्या सभेत प्रकल्पाबद्दल बोलायला सांगितलं. पंधरावीस माणसं होती. एक वडीलधारे गृहस्थ मध्येच उठून गेले. दुसऱ्या एकांनी उठून विचारलं की मग आपण त्या मिशनऱ्यांचे उपकार विसरायचे का. तिला उत्तर देता आलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि तीत सेटलमेंटमधल्या घरांसाठी आणि त्या शिकवणाऱ्या बाईंसाठी एकाच वाक्यात प्रार्थना केली. उठून गेलेले गृहस्थ पुढच्या रविवारी आले होते. तिला सलाम केला, बोलले नाहीत.

घरात आजी आठ दिवस अबोल होती. तिला फोटोबद्दल राग नव्हता. आपल्याला शेवटी सांगितलं याचा होता. मग एक दिवस तिनंच विषय काढला. सांगितलं की तिच्या सासूबाई म्हणायच्या, मास्तर रात्री घरी आले की आधी हात धुवायचे, जेवायचं नसलं तरी. घरात कुणाला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं की का. यातून काही सिद्ध होत नाही. तिनंही ते प्रकल्पात घातलं नाही, तोवर प्रकल्प जमा झालाच होता. मला मात्र ते विसरता येत नाही.

फोटो भिंतीवर पुन्हा लागला आहे, त्याच जागी.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच, विषय नक्की होतानाच, मी तिला मिशनचा सेटलमेंटशी असलेला संबंध सांगायला हवा होता. तो सांगितला असता तर यशयाचं वचन तिच्या हातून त्या पानावर गेलं नसतं. मी गप्प राहिले त्याचं खरं कारण, मलाही ते माहेरचं उणं वाटत होतं.

मार्गदर्शक सरांना मी एकदाही भेटले नाही. दोघं एकाच विषयाचे शिक्षक, दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि विद्यार्थिनी दोघांमध्ये निरोप पोचवत फिरली. मंडळीत अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं : मुलांचे मार्गदर्शक आपले प्रतिस्पर्धी नसतात. या प्रकरणात विश्वासाला सगळ्यांत उपयोगी पडलेला प्रश्न त्यांच्या लाल शाईतून आला.

मुलाखतीपूर्वी ओळख सांगणं हे संशोधनाच्या नीतीचं साधं पहिलं पाऊल आहे आणि ते इथं शेवटी पडलं. 'कॉलेजची विद्यार्थिनी' हे खोटं नव्हतं. पण जिचे पूर्वज हजेरीच्या दुसऱ्या बाजूला उभे असण्याची शक्यता आहे, तिच्यासाठी ते पुरेसं नव्हतं. फोटो मोठा करून पाहिला त्या दिवशीच तिनं परत जायला हवं होतं, असं ती स्वतः आता म्हणते. दोन महिने ती घाबरली होती, आणि त्या दोन महिन्यांत तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं, कारण आमच्या वर्गात अशा गोष्टी बोलायची सवयच मी लावलेली नव्हती.

घरच्यांना आधी सांगावं का, यावर आमचं अजून एकमत नाही. ती म्हणते, आधी सांगितलं असतं तर लिहूच दिलं नसतं. कदाचित. पण मग आजीनं हात धुण्याची गोष्टही वेळेवर सांगितली असती, आणि त्या दिशेनं काही नोंद शोधता आली असती.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. मागं घेतलेल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये आहे. लिखाणातून ते काढलं, पण आवाज तसाच राहिला. पुसून टाकावं तर त्या गृहस्थांच्या घरच्यांकडेही त्यांच्या आठवणी दुसरीकडे कुठे नोंदलेल्या नाहीत. ठेवावं तर परवानगी नाही. येत्या शनिवारी ती त्यांच्याकडे फोन घेऊन जाणार आहे, रेकॉर्डिंग त्यांना ऐकवणार आहे आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू देणार आहे. या वेळी मीही बरोबर जाते आहे.